स्थानिक अर्थाने सर्वात लहान

माझ्या मुलीला गणित शिकायचे नाही, ही गोष्ट आमच्या विद्यापीठात माझ्याखेरीज सर्वांना फार आधीपासून ठाऊक होती. मी मात्र तिच्या त्या म्हणण्याकडे केवळ एक विधान म्हणून पाहत होतो. विधान आणि सिद्धान्त यांत जे अंतर असते ते मी आयुष्यभर इतरांना शिकवत आलो आहे. “मला ध्वनिमुद्रण शिकायचं आहे,” असे तिने जेवताना जाहीर केले, तेव्हा मी अत्यंत समतोल स्वरात तिला विचारले, की ध्वनी म्हणजे तरंग आणि तरंग म्हणजे गणित हे जर तुला मान्य असेल, तर मूळ सोडून मुद्रणापाशी अडून बसण्याचे प्रयोजन काय?

“बाबा,” ती म्हणाली, “जेवण निवतंय.”

हा युक्तिवाद नव्हे, हे मी तिच्या आईच्या निदर्शनास आणून दिले.

“नाहीच आहे,” तिची आई म्हणाली. “पण निवतंय हे खरं आहे.”

ज्या संस्थेने तिला जागा देऊ केली होती ती आमच्या घरापासून रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर होती. होकार कळवायचा शेवटचा दिवस सोमवार. आणि त्याच्या आदल्याच दिवशी, रविवारी, आमच्या विद्यापीठाचा प्रवेश मेळावा होता. हा मेळावा म्हणजे, शाळा संपवलेली मुले आणि त्यांना धरून आणणारे पालक एका भल्यामोठ्या दालनात हिंडतात, प्रत्येक विभाग आपापले टेबल मांडून बसतो, आणि ज्याच्या टेबलाशी गर्दी त्याचा अभ्यासक्रम तगतो. हे दोन दिवस लागोपाठ यावेत यात मला जे दिसले ते मी कोणालाही बोलून दाखवले नाही. पण वाचकांपासून लपवण्यात अर्थ नाही. मला त्या मेळाव्यात शेकडो मुले नको होती. मला एकच मुलगी हवी होती, आणि ती रोज सकाळी माझ्याच घरात दात घासता घासता गुणगुणत असे.

विभागाच्या बैठकीत अर्थातच मी हे वेगळ्या शब्दांत मांडले. आदल्या वर्षी आमच्या टेबलावर एक स्वच्छ चादर, माहितीपत्रकांचा गठ्ठा आणि मी एवढीच सामग्री होती. दिवसभरात जे लोक माझ्याशी बोलले त्यांतील बहुतेकांना स्वच्छतागृह कुठे आहे हे जाणून घ्यायचे होते. मी ते प्रत्येकाला अचूक सांगितले, पण त्यामुळे प्रवेश वाढले नाहीत.

“यंदा काहीतरी परस्परसंवादी हवं,” विभागप्रमुख बाई म्हणाल्या. “मुलांनी येऊन हात लावला पाहिजे, खेळलं पाहिजे. कुलगुरूंनी बजावून सांगितलंय.”

संवाद हा परस्परांतच होत असल्यामुळे त्या शब्दाचा पूर्वार्ध अनावश्यक आहे, असे मी नम्रपणे सुचवले.

“सर,” बाई म्हणाल्या, “तुमच्याकडे एखादी कल्पना आहे, की नुसतीच दुरुस्ती आहे?”

माझ्याकडे कल्पना होती. तारेचा एक पोकळ घन करावा, तो साबणाच्या पाण्यात बुडवून वर काढावा, की तारांच्या मध्ये साबणाचे पापुद्रे आपोआप असे काही बेतले जातात की पाहणाऱ्याने श्वास रोखावा. तसेच दोन पारदर्शक पाट्यांच्या मध्ये चार खुंट्या बसवाव्यात. त्या खुंट्या म्हणजे चार गावे. पाट्या बुडवून वर काढल्या की गावांना जोडणारा आखूड रस्ता साबण स्वतःच आखून दाखवतो. यात संगणक नाही, पडदा नाही, विजेचा खर्च नाही. ज्या विषयावर मी तारुण्यात दोन निबंध लिहिले, ती अल्पतम पृष्ठे, म्हणजे दिलेल्या चौकटीत कमीत कमी क्षेत्रफळ व्यापणारे पृष्ठभाग, एका टबात मावत होती. बाईंनी मान डोलावली. मी घरी आलो आणि मुलीला सहजच विचारल्यासारखे विचारले, की रविवारी तो टब उचलायला माझ्याबरोबर येशील का?

“येईन की,” ती म्हणाली.

इतक्या लवकर होकार मिळाल्याने मी रात्रभर सुखाने झोपलो. पुढे जे घडले ते पाहता ती झोप मी पुरवून वापरायला हवी होती.

साबणाचे पाणी बनवणे हे वाटते तितके सोपे नाही. नुसत्या साबणाचा पापुद्रा फार लवकर फुटतो. मी न्हाणीघरात प्रयोग मांडले, आणि न्हाणीघराची खिडकी जिन्याकडे उघडत असल्यामुळे दुसऱ्याच दिवशी इमारतीत वार्ता पसरली, की प्रोफेसर आत बसून फुगे करतात. वरच्या मजल्यावर एक निवृत्त पोस्टमास्तर राहतात. आयुष्यभर इतरांची पत्रे योग्य पत्त्यावर पोचवल्यामुळे असेल, पण निवृत्तीनंतर ते सल्ले मात्र कोणत्याही पत्त्यावर टाकत असतात.

“साखर घाला,” ते दारात उभे राहून म्हणाले.

“साखर कशासाठी?”

“चिकटपणा येतो. आमच्या लहानपणी आम्ही घालायचो.”

“त्याने पापुद्रा किती काळ टिकत असे?”

“ते कोण बघत बसलंय? पण गोड लागायचा.”

समोरच्या दारातील काकूंनी केस धुण्याचा शाम्पू सुचवला. साबण हा केवळ कपड्यांसाठी असतो आणि फुगे ही नाजूक गोष्ट आहे, अशी त्यांची भूमिका होती. दोघांची मते मी तर्काने खोडून काढली आणि नंतर, तर्क व अनुभव यांची गाठ घातली पाहिजे या जुन्या तत्त्वानुसार, दोन्ही घालून पाहिली. पापुद्रा थोडा अधिक टिकला हे प्रामाणिकपणे नमूद करतो. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरात मुंग्यांची जी रांग लागली ती टबापासून निघून, आरशाला वळसा घालून, थेट सौभाग्यवतींच्या टॉवेलापर्यंत गेली होती.

“अहो,” आतून आवाज आला. त्या एका शब्दात एवढी वाक्ये दडलेली असतात की त्यांचे विवेचन येथे करत नाही.

शेवटी ग्रंथांत सांगितल्याप्रमाणे ग्लिसरीन आणायला औषधाच्या दुकानात गेलो. मी हवी असलेली मात्रा सांगितली. दुकानदाराने माझ्याकडे, मग बाटल्यांकडे आणि पुन्हा माझ्याकडे करुणेने पाहिले.

“कोणाला झालंय?” त्याने खालच्या आवाजात विचारले.

“कोणालाही काही झालेले नाही. मला अल्पतम पृष्ठे करायची आहेत.”

“डॉक्टरांना दाखवलंत का?”

विद्यापीठाच्या खरेदी विभागापुढे हा दुकानदार फार समंजस म्हणावा लागेल. प्रदर्शनात आणायची प्रत्येक वस्तू आधी तेथे नोंदवून घ्यावी लागते. तेथील गृहस्थांनी माझे म्हणणे शेवटपर्यंत ऐकले, हा त्यांचा मोठेपणा, पण ऐकून झाल्यावर त्यांनी विचारले, “म्हणजे हे साबणाचं पाणी नेमकं काय? यंत्र, फर्निचर, की रसायन?”

“यांपैकी काहीही नाही. ते एक माध्यम आहे.”

“माध्यम भाषा विभागाकडे.”

“ज्ञानाचे माध्यम नव्हे. पृष्ठताण दाखवण्याचे.”

“ताण मला दिसतोय, सर,” ते म्हणाले. “हे बघा. रसायन म्हटलं तर रसायनवाल्यांची परवानगी, अग्निशमनाचा दाखला आणि बादलीभर वाळू. स्वच्छतेचं सामान म्हटलं तर आत्ता सोडतो.”

“पण ते स्वच्छतेसाठी नाही.”

“साबण आहे ना? तुम्ही कशासाठीही वापरा, तो स्वच्छच करणार.”

मी मान तुकवली. त्या मान तुकवण्याचा परिणाम असा झाला, की स्वच्छतेचे सामान दालनात फक्त स्वच्छतेच्याच माणसाला नेता येते या नियमानुसार रविवारी सकाळी दारावर माझ्या छातीला जो बिल्ला लावण्यात आला त्यावर ठळक अक्षरांत ‘स्वच्छता’ एवढेच लिहिलेले होते. मी वाद घातला. मागे रांग वाढली. माझ्या मुलीने टब एका हातावर तोलून दुसऱ्या हाताने बिल्ला सरळ केला.

“शोभतोय,” ती म्हणाली. “चला.”

दालनात आमचे टेबल व्यवस्थापन विभाग आणि यंत्र अभियांत्रिकी यांच्या मध्ये होते. डावीकडे एक रंगीत चाक होते. ते फिरवले की बक्षीस मिळे. उजवीकडे एक यंत्रमानव होता, जो चाकांवर फिरून “आपलं स्वागत आहे” असे म्हणे. आमच्याकडे टब होता, आणि टबाच्या मागे मी स्वहस्ते लिहिलेला फलक: ‘दिलेल्या सीमेवर ताणलेला साबणाचा पापुद्रा हा, जवळपासच्या सर्व शक्य पृष्ठांच्या तुलनेत, अर्थात केवळ स्थानिक अर्थाने, सर्वात लहान क्षेत्रफळ धारण करतो, हे येथे पाहता येईल, मात्र त्यामुळे ते सिद्ध झाले असे कृपया समजू नये.’

मुलीने फलक वाचला. “बाबा, हे वाचून होईपर्यंत फुगा फुटेल.”

मी करून पाहिले. ती बरोबर होती. पण फलकात एकही शब्द जास्त नव्हता, हेही तितकेच खरे.

आणि तसाही पापुद्रा टिकतच नव्हता. घरी ग्लिसरीन घातलेला पापुद्रा माझा चहा पिऊन होईपर्यंत उभा राही. येथे घन पाण्याबाहेर काढताच तो अंतर्धान पावे. मी वर पाहिले. डोक्यावर पंखा गरगरत होता. वीजवाल्याला गाठून मी तो बंद करण्याची विनंती केली. दालनातील सर्व पंख्यांना एकच बटण आहे, असे त्याने सांगितले. मी त्याला हवा, बाष्पीभवन आणि पापुद्र्याची जाडी यांचा परस्परसंबंध समजावून देऊ लागलो, तेव्हा मी थांबावे म्हणून त्याने ते बटण बंद केले.

लवकरच साऱ्या दालनाला घाम फुटला. व्यवस्थापनाचे प्राध्यापक गळपट्टी सैल करत आमच्या टेबलाशी आले.

“सर, तुमच्या फुग्यांसाठी आम्ही उकडून मरायचं का?”

“हे फुगे नाहीत.”

“जे काय असतील ते. आणि कोणासाठी चाललंय हे? लोकांची मुलं बोलावताय, तुमची घरची तरी येतेय का तुमच्याकडे?”

ती तेथेच उभी होती, कोपरापर्यंत ओल्या हातांनी.

“काका,” ती म्हणाली, “मी सध्या साबणाच्या बाजूने आहे.”

‘सध्या’ हा शब्द मी ऐकला. पण माणूस जेव्हा आस लावून बसलेला असतो तेव्हा वाक्यातील कालवाचक शब्द त्याच्या कानाआड जातात. मी फक्त ‘बाजूने आहे’ तेवढे उचलले आणि मनात जपून ठेवले.

यानंतर टबातले पाणी थोडे सांडले. यंत्रमानव स्वागताच्या फेरीवर असताना त्या पाण्यावर आला, स्वतःभोवती गिरक्या घेऊ लागला, आणि भिंतीला तोंड लावून “आपलं स्वागत आहे, आपलं स्वागत आहे” असे म्हणत राहिला. अभियांत्रिकीचे एक तरुण अध्यापक माझ्या बिल्ल्याकडे पाहून म्हणाले, “अहो, उभे काय राहिलात? पुसा ना इथे.” ज्याने पृष्ठांवर दोन निबंध लिहिले त्याने आणखी एक पृष्ठ हाताळले तर बिघडले कुठे, असे स्वतःला समजावून मी फडके घेतले आणि वाकलो. नेमके त्याच वेळी कुलगुरू आले. त्यांनी घन हातात घेतला, पापुद्रा त्यांच्या चष्म्यावर फुटला, आणि चष्मा पुसत त्यांनी विचारले, “छान. यातून नोकरी लागते?”

“या प्रश्नाचे दोन भाग करावे लागतील,” मी जमिनीवरून म्हणालो. पहिला भाग संपवून मी उठून उभा राहिलो तेव्हा ते व्यवस्थापनाचे चाक फिरवत होते.

दुपारपर्यंत आमच्या टेबलाशी जे आले ते माझी पहिली अट ऐकून गेले. एखादा मुलगा पुढे येई, घन बुडवी, त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर उजेड पडे, तो विचारी, “हे सर्वात लहान का?” आणि मी म्हणे, “सर्वात लहान असे सरसकट म्हणता येणार नाही.” त्याच्या मागे उभे असलेले वडील त्याचा दंड धरत. जो विषय आपल्या पहिल्याच वाक्यात माघार घेतो त्याच्यावर कोण पैज लावणार? हे मला कळत होते. पण खोटे बोलून माणसे गोळा करायला चाक होतेच की.

“बाबा,” मुलगी म्हणाली, “तुम्ही जरा चहा पिऊन या.”

“मला चहा नको आहे.”

“मग चहा न पिता जरा लांब उभे राहा.”

मी खांबापाशी जाऊन उभा राहिलो. तिने माझा फलक उलटा केला, कोऱ्या बाजूवर दोन शब्द लिहिले, ‘साबणाला हरवा’, आणि आवाज चढवला. तो आवाज मी घरात हजार वेळा ऐकलेला होता, पण तो एवढा लांब जाऊ शकतो हे मला ठाऊक नव्हते.

“या, या. चार गावं आहेत, रस्ता सगळ्यात छोटा पाहिजे. हा घ्या खडू, टेबलावर आखून दाखवा. तुम्ही आखा, मग साबण आखेल. साबणाला शाळा नाही, क्लास नाही, बघू कोण जिंकतं.”

लोक थांबले. खडूने रेघा पडू लागल्या: चौकटी, फुल्या, नागमोडी. प्रत्येक वेळी ती पाट्या बुडवी, वर काढी, आणि खुंट्यांच्या मधोमध तो चमकणारा आखूड पूल उमटे, त्याच्या दोन्ही टोकांना दोन दोन फाटे. “हरलात, काका. पुढचे.” पालक हसत होते. चाकापाशी उभी असलेली मुले इकडे वळली. मी खांबाआडून ऐकत होतो आणि तिच्या प्रत्येक वाक्यातील उणीव टिपत होतो. साबणाला कळते असे ती म्हणत होती, साबण शोधतो असे म्हणत होती, आणि सर्वात भयंकर म्हणजे ‘साबण नेहमी सगळ्यात छोटाच रस्ता काढतो’ असे म्हणत होती. तरी माझे पाय हलले नाहीत. पुढल्या वर्षीच्या वर्गात ती अशीच पहिल्या बाकावर बसली आहे, मी फळ्याशी आहे, आणि घरी परतताना आम्ही वाटभर भांडत आहोत, हे मला इतके स्पष्ट दिसत होते की ते दृश्य मोडण्याचे धैर्य मला झाले नाही.

ते दुसऱ्या कोणीतरी मोडले.

“हा सगळ्यात छोटा नाहीये,” एक मुलगी म्हणाली. तिच्याबरोबर तिचे मामा होते; मघापासून तिला चाकाकडे ओढत होते. माहितीपत्रकाच्या पट्ट्या फाडून तिने पाटीवर लावून पाहिल्या होत्या. “मघाशी मधला पूल आडवा आला होता. आता उभा आलाय. मघाचा कमी भरत होता. हा लांब आहे. मग साबण नेहमी छोटाच काढतो कसं म्हणता?”

“अगं, फुकट दाखवतायत ना ते?” मामा म्हणाले. “चल.”

मी हा आक्षेप ऐकण्यासाठी किती वर्षे फळ्याशी उभा होतो ते सांगून वाचकांना अवघडवत नाही. मी पुढे सरसावलो. पण माझ्याआधी माझी मुलगी बोलली.

“बरोबर आहे तुझं. मी चुकीचं बोलले,” ती म्हणाली. तिने पाट्यांवर हलकी फुंकर मारली; उभा पूल थरथरला, घसरला आणि आडवा झाला. “साबण फक्त जवळपासचं बघतो. थोडं इकडे, थोडं तिकडे. तिथे कमी नसलं की तो तिथेच बसतो. लांब कुठे याहून छोटा रस्ता असेल, तर ते त्याला कळत नाही. म्हणून सर्वात लहान म्हणायचं, पण केवळ स्थानिक अर्थाने.”

शेवटचे तीन शब्द तिने माझ्याच आवाजात म्हटले. थट्टेने नव्हे. जेवताना, रस्त्यात, कुठेतरी ते तिच्या कानांत साठत गेले होते आणि आता हवे त्या ठिकाणी हवे तसे बाहेर आले होते. मला सोमवार रद्द झाल्यासारखा वाटला.

“ओ भाऊ,” मामांनी माझा बिल्ला पाहून मला हटकले, “इथले सर कुठे भेटतील?”

“तेच सर आहेत,” माझी मुलगी म्हणाली.

मामांनी पुन्हा बिल्ल्याकडे पाहिले. भाची मात्र थेट माझ्याकडे आली. “सर, वर्गात असं मधेच बोललेलं चालतं का?”

“चालते,” मी म्हणालो, आणि ते अपुरे वाटल्यामुळे, “त्याचीच वाट पाहिली जाते.”

“मग मी इथेच येणार,” तिने मामांना सांगितले.

“घ्या हिला. घरात हिला कोणी गप्प करू शकलेलं नाही,” मामा मला म्हणाले. “तुम्ही बघा प्रयत्न करून.”

संध्याकाळी विभागप्रमुख बाईंनी येऊन माझे अभिनंदन केले. आमच्या टेबलाशी इतकी गर्दी त्यांनी कधी पाहिली नव्हती. “आणि कन्येलाच घ्या की आता,” त्या म्हणाल्या. मी हसलो. कन्या खडूने भरलेले टेबल पुसत होती.

दालन रिकामे झाले. चाक गेले, यंत्रमानवाला कोणीतरी कडेवर घेऊन गेले. पंखे अजून बंदच होते, आणि गर्दीचा आवाज ओसरल्यावर ते एवढे मोठे दालन अगदी स्तब्ध झाले.

“बाबा,” ती म्हणाली, “हे सगळं माझ्यासाठी मांडलंत ना?”

“विभागासाठी,” मी म्हणालो.

ती फडके पिळत राहिली.

“मुख्यत्वे,” मी म्हणालो. आणि थोड्या वेळाने, “मुख्यत्वे नाही.”

“मला मजा आली. खरंच आली. पण दिवसभर मी काय करत होते सांगू? प्रत्येक वेळी फुटताना कान लावत होते. आवाज होतो, बाबा. इतका बारीक. घनाचा वेगळा, पाट्यांचा वेगळा. तुम्हाला माहीतच असेल म्हणा.”

मला माहीत नव्हते. अर्धे आयुष्य मी पापुद्रे पाहत आलो, त्यांची वक्रता मोजत आलो. ते फुटले की मी नवे करीत असे. फुटण्याकडे कान द्यावा असे मला एकदाही सुचले नव्हते. आणि ती ते इतक्या आनंदाने सांगत होती, की ‘मग उद्याचं काय?’ हा माझा प्रश्न विचारण्याआधीच निकाली निघाला.

“उद्या सकाळी कळवते त्यांना,” ती म्हणाली.

“कळव. सकाळीच कळव. अशा गोष्टी शेवटच्या तासावर ठेवू नयेत.”

टेबलाखाली तारेची दोन मोठी कडी पडून होती. तो प्रयोग मी मेळाव्यात मांडलाच नव्हता, कारण तो एकट्याने होत नाही. दोन्ही कडी एकत्र बुडवायची, एक एकाने धरायचे, दुसरे दुसऱ्याने, आणि सावकाश दूर न्यायची. त्यांच्यामध्ये साबणाची एक नळी ताणली जाते, कमरेशी बारीक होत जाणारी. कडी किती दूर नेता येतात याला मर्यादा आहे. त्यापलीकडे नळी तुटते आणि प्रत्येक कड्यात एकेक सपाट, वेगळा पापुद्रा उरतो. मला गणितात शोधलेली रूपके आवडत नाहीत आणि विद्यार्थ्यांनी तशी लिहिली तर मी ती खोडतो. म्हणून जे घडले तेवढेच सांगतो.

तिने कडी उचलली. “हे काय आहे?”

“धर एक,” मी म्हणालो.

आम्ही ती बुडवली आणि उचलली. नळी तयार झाली. खिडकीतला संध्याकाळचा उजेड तिच्यावरून जांभळा, हिरवा होत फिरला. मुलगी हात मागे नेऊ लागली. मीही नेला. ती मर्यादा मला दशांश चिन्हापुढे वाटेल तितक्या स्थळांपर्यंत पाठ आहे, आणि तिच्या अलीकडे एक बोटभर अंतर असताना माझा हात थांबला. इतकेच नव्हे, तो किंचित पुढे आला.

“बाबा, मागे घ्या ना. असं धरलंत तर फुटणारच नाही.”

“फुटायलाच हवे का?”

“ऐकायचंय. तुम्हालाही ऐकवायचंय. श्वास रोखा.”

मी श्वास रोखला आणि हात मागे घेतला. नळीची कंबर बारीक होत गेली, दोऱ्याएवढी झाली, तुटली, आणि मुलीच्या कड्यात एक व माझ्या कड्यात एक असे दोन पापुद्रे एकमेकांसमोर थरथरत उभे राहिले.

“आला?” तिने कुजबुजत विचारले.

मला काहीही ऐकू आले नव्हते. तिचा चेहरा मात्र मला दिसत होता. मान थोडी कललेली, डोळे मोठे.

“हो,” मी म्हणालो. आणि त्याला पुढे काहीही जोडले नाही.

“मग परत करू,” ती म्हणाली. आम्ही दोघे पुन्हा टबाशी वाकलो.